बॅटरीचे तास नकोत, वॉट-अवर सांगा: लॅपटॉप विकणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
भारतात लॅपटॉप विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे विक्री आणि सेवा विभाग
माहितीसाठी प्रत: ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की पालकांचे फोन येऊ लागतात. "मॅडम, मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचाय. कुठला घेऊ?" विचारणारे कुणी एसटीत वाहक असतात, कुणी अंगणवाडी सेविका, कुणाची आंब्याची चार कलमं असतात. पैसे पतपेढीतून उचललेले असतात, नाहीतर हंगामातून बाजूला काढलेले. चाळीस ते साठ हजारांचा हा व्यवहार त्या घरात त्या वर्षातला मोठा खर्च असतो आणि पदवी हातात पडेपर्यंत ती वस्तू टिकली पाहिजे, एवढी साधी अपेक्षा असते.

काय हवंय म्हणून विचारलं तर कुणीही गिगाहर्ट्‌झ बोलत नाही. वजनाला हलका असावा, कारण पोरगी रोज एसटीने उभ्याने येणार. लाइट गेली तरी चालला पाहिजे, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. आणि बिघडला तर जवळपास कुणीतरी दुरुस्त करून देणारं असावं. गंमत म्हणून नाही, गरज म्हणून विचारलेले हे तीन प्रश्न आहेत. तुमच्या जाहिरातीत, खोक्यावर, दुकानातल्या फलकावर या तिन्हींची सरळ उत्तरं सापडत नाहीत. प्रोसेसरचं नाव मोठ्या अक्षरात असतं, रॅम असते, एसएसडी असते, हल्ली एआयचा स्टिकर असतो. पालक मला विचारतात ते मात्र मला तुमच्या इंग्रजी तांत्रिक पत्रकांतून उकरून काढावं लागतं, आणि बऱ्याचदा तिथेही मिळत नाही.

म्हणून हे पत्र. मागणी एवढीच आहे की पैसे देण्याआधी गिऱ्हाइकाला बॅटरीची क्षमता, म्हणजे तिच्यात किती वीज मावते ते, वॉट-अवरमध्ये कळावी, चार्जरसकट वजन कळावं आणि त्याच्या पिनकोडवर वॉरंटी म्हणजे नेमकं काय मिळणार ते लेखी कळावं. हे सगळं तुमच्याकडे आधीच आहे. नवीन शोध लावायचा नाही, फक्त छापायचं आहे.

बॅटरीपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते.

समजा खोक्यावर लिहिलंय, "बॅटरी 11 तासांपर्यंत". शेजारी बारीक चांदणी असते. चांदणीचा खुलासा संकेतस्थळाच्या तळाशी, करड्या रंगात, इंग्रजीत. तो वाचला की कळतं, ही चाचणी लॅपटॉपमध्ये साठवलेला व्हिडिओ सलग चालवून केलेली आहे आणि स्क्रीनचा ब्राइटनेस 150 निट्सवर (निट्स हे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) ठेवलेला आहे. 150 निट्स म्हणजे काय ते खिडकीशी बसून बघा; दिवसा उजेडात अक्षरं वाचताना डोळे ताणावे लागतात. आणि साठवलेला व्हिडिओ दाखवणं हे आजच्या प्रोसेसरसाठी सगळ्यात हलकं काम आहे, कारण त्यासाठी चिपमध्ये वेगळी सोय असते. माझी मुलं लॅपटॉपवर दिवसभर सिनेमा बघत नाहीत. ती ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडतात, पायथन भाषेतले प्रोग्रॅम चालवतात, ऑनलाइन तासाला कॅमेरा लावून बसतात.

आता हिशेब मांडते. या किमतीत मिळणाऱ्या बऱ्याच 15.6 इंची लॅपटॉपांत बॅटरी 41-42 वॉट-अवरची असते. साठवलेला व्हिडिओ मंद ब्राइटनेसवर चालवताना संपूर्ण यंत्र 4 वॉटच्या आसपास वीज खात असेल, तर 42 भागिले 4, म्हणजे साडेदहा तास. झाले तुमचे "11 तासांपर्यंत". वायफाय चालू, ब्राउझर उघडा, ब्राइटनेस डोळ्यांना सोसेल इतका, असं ठेवलं की खप 7-8 वॉटवर जातो आणि साडेपाच तास उरतात. कॅमेरा लावून ऑनलाइन तास केला की 12 ते 14 वॉट, म्हणजे तीन-साडेतीन तास. दोन वर्षांनी बॅटरीची क्षमता 80 टक्क्यांवर आली की 42 चे 34 होतात, मग तोच ऑनलाइन तास अडीच तासांत आटोपावा लागतो. यात कुणी खोटं बोललेलं नाही. पण पहिलाच आकडा मोठ्या अक्षरात छापला आणि बाकीचे लपवले, की वाहकाच्या घरात त्याचा अर्थ "सकाळी चार्ज केला की संध्याकाळपर्यंत बघायला नको" असाच होतो.

वॉट-अवर सांगितलं तर लोकांना कळणार नाही, असं तुमच्यातलेच एक विक्री प्रतिनिधी मला म्हणाले होते. मला ते मान्य नाही. घराघरात वीजबिल येतं. बिलावरचं एक युनिट म्हणजे 1,000 वॉट-अवर. 50 वॉट-अवरची बॅटरी म्हणजे एका युनिटचा विसावा भाग. हे एका वाक्यात सांगितलं की आमच्याकडच्या पालकांना लगेच कळतं, पुन्हा विचारावं लागत नाही. कळत नाही ते तुमचं "3-सेल बॅटरी" हे वर्णन. तीन सेलच्या बॅटरीत 41 वॉट-अवर मावू शकतात आणि 57 सुद्धा, त्यामुळे सेलच्या संख्येवरून काहीच ठरत नाही. काही ठिकाणी नुसते मिलीअँपिअर-अवर दिलेले असतात, त्यानं तर गोंधळच वाढतो. एका पालकांनी मला विचारलं होतं, "माझ्या फोनची बॅटरी 5,000 ची आणि लॅपटॉपची 3,600 ची? मग लॅपटॉप आधी संपणार ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. मिलीअँपिअर-अवरला व्होल्टनं गुणून हजारानं भागलं की वॉट-अवर मिळतात. फोनची बॅटरी साधारण 3.85 व्होल्टची असते, म्हणजे 5,000 चे झाले सुमारे 19 वॉट-अवर. लॅपटॉपची 11.55 व्होल्टची, म्हणजे 3,600 चे जवळपास 42. व्होल्ट लपवून नुसता पहिला आकडा देणं म्हणजे माप न सांगता भाव सांगणं.

हे छापता येतं, कारण काही जण छापतात. मॅकबुक एअरच्या एम2 मॉडेलच्या तांत्रिक माहितीत 52.6 वॉट-अवर आणि 1.24 किलो असं स्पष्ट लिहिलेलं आहे. बॅटरीचे तासही दोन दिलेले आहेत, व्हिडिओसाठी 18 आणि वायफायवर वेब बघण्यासाठी 15. एलजी ग्रॅमचं 14 इंची मॉडेल 999 ग्रॅम वजनात 72 वॉट-अवर देतं आणि ते अभिमानानं सांगतं. असूसच्या झेनबुक 14 ओलेडमध्ये सुमारे 1.2 किलोत 75 वॉट-अवर आहेत. हे सगळे महाग लॅपटॉप आहेत, आमच्या मुलांच्या आवाक्याबाहेरचे. माझा मुद्दा तोच आहे. ज्यांचा आकडा चांगला, ते छापतात. स्वस्त मॉडेलचा आकडा मात्र शोधून सापडत नाही. साठ हजार हप्त्यानं भरणाऱ्याला ही माहिती दीड लाखवाल्यापेक्षा जास्त लागते, कारण चूक झाली तर त्याला दुसरा घेता येणार नसतो.

वॉट-अवरसोबत प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षरही जरा ठळक छापा. इंटेलच्या यू मालिकेची मूळ वीजमर्यादा बहुतेक वेळा 15 वॉट असते, एच मालिकेची 45 वॉट. दोन्हींवर स्टिकर "आय5" चाच असतो. दुकानात "दोन्ही आय5 आहेत, हा जास्त फास्ट आहे" एवढंच सांगितलं जातं. जास्त वेग लागला की एचवाला 42 वॉट-अवरची बॅटरी बघता बघता पिऊन टाकतो, पंखा घोंघावायला लागतो आणि मूल वर्गात भिंतीकडची जागा पकडतं, कारण सॉकेट तिथे असतं. आमच्या वर्गात एका एक्स्टेंशन बोर्डाला पाच-पाच चार्जर लटकलेले असतात. हलका म्हणून घेतलेला लॅपटॉप असा वायरीला बांधला गेला की हलकेपणाचा उपयोग काय?

वजनाबद्दल फार बोलायचं नाही. चार्जरसकट सांगा, एवढंच. 1.7 किलोचा लॅपटॉप आणि वर तीन-चारशे ग्रॅमचा चार्जर म्हणजे पाठीवर दोन किलोच्या पुढे, आणि बॅटरी लहान असली की चार्जर घरी ठेवता येत नाही. यूएसबी-सी वरून चार्ज होतो की गोल पिनचाच चार्जर लागतो, हेही तिथेच लिहा. गोल पिनचा चार्जर बिघडला तर कणकवलीच्या बाजारात ओरिजिनल मिळत नाही. यूएसबी-सीचा 65 वॉटचा मिळतो. युरोपीय संघाने 28 एप्रिल 2026 पासून नव्या लॅपटॉपांना यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं केलं आहे. तिथल्यासाठी बदललेलं यंत्र इथेही विका, आम्हाला वेगळं काही नको.

बॅटरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. एका विद्यार्थिनीचा टचपॅड क्लिक होईनासा झाला. तिला वाटलं, धूळ गेली असेल. लॅपटॉप टेबलावर ठेवला तर सपाट बसेना, डुलत होता. खालचं झाकण उघडून बघितलं तर बॅटरीची चपटी पिशवी उशीसारखी फुगून टचपॅडला खालून रेटत होती. मी ताबडतोब बंद करून, चार्जर काढून तो बाजूला ठेवायला लावला, कारण फुगलेली लिथियम बॅटरी टोचली गेली किंवा दाबली गेली तर पेट घेऊ शकते. लॅपटॉप दुसऱ्या वर्षात होता. घेताना पैसे भरून वॉरंटी तीन वर्षांची करून घेतली होती. कंपनीच्या फोनवर उत्तर मिळालं, "बॅटरीची वॉरंटी एकच वर्ष असते." अटी उघडून बघितल्या, तर खरंच तसं लिहिलं होतं, आत कुठेतरी, इंग्रजीत. तिच्या वडिलांना विकताना मात्र "तीन वर्षं टेन्शन नाही" असं सांगितलं होतं आणि बिलावर "3 वर्षे वॉरंटी" छापलेलं होतं.

ज्या भागावर लॅपटॉपचं चालतं-फिरतं असणं अवलंबून आहे, तोच भाग वाढीव वॉरंटीतून वगळायचा असेल तर तसं बिलावर, त्याच ओळीत, तितक्याच मोठ्या अक्षरात लिहा: लॅपटॉप 3 वर्षे, बॅटरी 1 वर्ष, चार्जर 1 वर्ष. त्यापुढे बदली बॅटरीची आजची किंमत. ती किंमत आधी माहीत असली तर माणूस तिसऱ्या वर्षासाठी पैसे बाजूला ठेवतो. नसली तर तो मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात जाणाऱ्या भाच्याला "कुठलीही आण" म्हणून सांगतो, आणि मग त्या बॅटरीचं पुढे काय होईल याची हमी कुणीच देत नाही.

आता सेवेबद्दल. या पत्रातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

वॉरंटी एक वर्षाची आहे हे सगळे सांगतात. ती कशी वापरायची, हे कुणी सांगत नाही. घरी येऊन दुरुस्ती, कुरिअरने नेऊन दुरुस्ती आणि स्वतः केंद्रावर घेऊन जा, हे तीन अगदी वेगळे प्रकार आहेत. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला त्यातला फरक फारसा जाणवत नाही. कणकवलीहून कोल्हापूर फोंडा घाटानं शंभर-एक किलोमीटर आहे. सावंतवाडीच्या मुलांना पणजी जवळ पडतं. गडचिरोलीच्या मुलाला नागपूर गाठायला दीडशे किलोमीटरच्या वर जावं लागतं. केंद्रावर एकदा द्यायला आणि एकदा आणायला जायचं, तर एसटीचं भाडं, दोन दिवसांची हजेरी आणि सोबत येणाऱ्या बापाची दोन दिवसांची रजा. पावसात घाटात दरड आली तर तेही नाही. घरी येऊन दुरुस्ती असं लिहिलेलं असलं तरी अटींत "निवडक शहरांत" किंवा "केंद्रापासून ठरावीक अंतराच्या आत" अशी मेख असते. निवडक शहरं कुठली, त्याची यादी दुकानदाराकडे नसते. टोल फ्री क्रमांकावर विचारलं तर "आधी प्रॉडक्ट रजिस्टर करा" म्हणतात, म्हणजे आधी विकत घ्या.

माझ्या एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप ऐन ऑगस्टमध्ये चार्ज होईनासा झाला. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीकडे घडू शकलं असतं. वॉरंटीचे महिने शिल्लक होते. फोनवर आधी तासभर हे करून बघा, ते करून बघा झालं. मग कोल्हापूरला नेऊन दिला. चार दिवसांनी फोन आला, आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर पाणी गेल्याच्या खुणा आहेत, हे "सीआयडी" मध्ये मोडतं, वॉरंटी लागू नाही, नवीन बोर्डाचे इतके इतके होतील. तो आकडा लॅपटॉपच्या किमतीच्या जवळपास निम्मा होता. पोरगा घाबरून माझ्याकडे आला. सीआयडी म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान, हे त्याला मी समजावून सांगितलं. पाणी सांडल्याचं त्याला आठवत नव्हतं आणि मला त्याच्या बोलण्यावर विश्वास होता, कारण कोकणातल्या पावसाळी हवेत तांब्या-पितळेवर हिरवट थर चढायला पाणी सांडावं लागत नाही. कपाटातले कपडे बुरसतात, तिथे सर्किट बोर्ड कोरडा राहील अशी अपेक्षा कशी करायची?

आम्ही तीन गोष्टी लेखी मागितल्या: बोर्डावरच्या खुणेचा फोटो, ती खूण पाण्याची आहे हे कशावरून ठरवलं त्याचं कारण आणि दुरुस्ती नाकारल्याचं पत्र. फोटो आला नाही. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर "विशेष बाब म्हणून" बोर्ड बदलून मिळाला. परीक्षा तोवर उलटून गेली होती. त्यानं प्रात्यक्षिकं मित्राच्या लॅपटॉपवर रात्री जागून केली. मला राग त्या अभियंत्यावर नाही, तोही कुठल्या तरी कंत्राटी केंद्रात ठरवून दिलेल्या नियमानं काम करत असणार. माझं म्हणणं तुमच्या नियमाबद्दल आहे. वॉरंटी नाकारायची असेल तर फोटो आणि कारण त्याच दिवशी ग्राहकाच्या फोनवर जायला हवं, मागावं लागता कामा नये. आणि ज्या देशाच्या किनाऱ्यावर एवढी माणसं राहतात, तिथे दमट हवेनं आलेला गंज ग्राहकाच्या माथी मारणं बंद व्हायला हवं.

त्याच अनुभवातली एक छोटी गोष्ट, जी कुणीच आधी सांगत नाही. नव्या विंडोज लॅपटॉपांत डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. बोर्ड बदलला की चालू करताना बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या या कुलपाची, 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पण खातं दुकानदारानं स्वतःच्या ईमेलनं काढून दिलेलं असलं तर मुलाला ती सापडणार कुठून? दुकानात "चालू करून देतो" म्हणून होणारी ही मदत पुढे चार सत्रांचा अभ्यास गिळू शकते. तुमच्या विक्रेत्यांना एवढं तरी शिकवा.

आता कायद्याचं बोलते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या त्याच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणंही येतं. त्या कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून 2022 मध्ये जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यात खुलाशाबद्दल, म्हणजे तुमच्या त्या चांदणीबद्दल, स्पष्ट लिहिलंय: खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, दाव्याच्याच टाइपात हवा आणि सहज दिसेल अशा जागी हवा. मराठी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन "11 तासांपर्यंत" मराठीत आणि चाचणीची अट इंग्रजीत तळाशी, हे या तत्त्वांत कसं बसतं ते तुमच्या कायदा विभागाला विचारा.

ग्राहक व्यवहार विभागाला माझी विनंती वेगळी आहे. आपण जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यासाठी पोर्टल सुरू केलं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाच्या, म्हणजे वस्तू किती सहज दुरुस्त होते ते गुणांत सांगणाऱ्या मापाच्या, आराखड्याचा अहवालही मे 2025 मध्ये आपल्याकडे आला. फ्रान्सनं 1 जानेवारी 2021 पासून असा निर्देशांक लागू केला आणि पहिल्याच यादीत स्मार्टफोनबरोबर लॅपटॉप घेतले; तिथे दुकानातल्या किमतीशेजारी दहापैकी गुण दिसतात. आपल्याकडे तो येईल तेव्हा लॅपटॉप त्यात पहिल्या टप्प्यापासून असावेत. युरोपीय संघात 18 फेब्रुवारी 2027 पासून छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता येतील अशा बनवाव्या लागणार आहेत आणि मॉडेल बंद झाल्यावरही पाच वर्षं त्या सुट्या मिळाल्या पाहिजेत. जपानमध्ये तिथल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेनं बॅटरी मोजण्याची एकच पद्धत ठरवून दिली आहे. तिच्या ताज्या आवृत्तीनुसार व्हिडिओ चालू असतानाचे तास वेगळे आणि नुसता चालू ठेवल्याचे तास वेगळे छापले जातात, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून बघता येतात. आपल्याकडे पंख्याला, फ्रिजला स्टार लेबल आहे. लोक तारे मोजून फ्रिज घेतात. लॅपटॉपच्या बॅटरीसाठी भारतीय मानक ब्युरोनं एक चाचणी ठरवावी: 250 निट्स ब्राइटनेस, वायफाय चालू, ब्राउझर आणि मधूनमधून व्हिडिओ कॉल. आकडा लहान येईल. सगळ्यांचाच येईल, त्यामुळे कुणा एकाचं नुकसान होणार नाही.

हे होईपर्यंत पालकांना मी काय सांगते, तेही तुम्हाला कळावं, कारण तुमची विक्री त्यावरून ठरते. साठ हजारांच्या आत 14 इंची बघा, 1.5 किलोच्या आत, 50 वॉट-अवर किंवा जास्त, यूएसबी-सी चार्जिंगचा. रॅम 16 जीबी. 8 असली तर ती बोर्डावर पक्की डकवलेली आहे की वाढवता येते ते विचारा. प्रोसेसर एक पिढी मागचा चालेल, कमी बॅटरीचा चालणार नाही. दुकानदारानं वॉट-अवर सांगितले नाहीत तर त्याच्याकडचा डेमो लॅपटॉप उलटा करा, खालच्या स्टिकरवर नसले तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी) बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही त्यात येतात. वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर या रिपोर्टशिवाय एक रुपया देऊ नये. वाढीव वॉरंटीवर पैसे घालायचे असतील तर आधी अपघाती नुकसानीचं संरक्षण घ्या, मग वर्षं वाढवा, कारण मुलांच्या हातून लॅपटॉप पडतो, पाणी सांडतं, बिजागरी तुटते. घरी येऊन दुरुस्ती तुमच्या गावात मिळते का, हे कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर बिलासोबत जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर जिल्हा ग्राहक आयोगात, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कंपनीचं मुख्यालय बेंगळुरूत आहे म्हणून तिकडे जावं लागत नाही. हे बहुतेकांना माहीतच नसतं.

तुमच्या कंपन्यांत मराठी माणसं आहेत, आमचे माजी विद्यार्थीही असतील. त्यांना विचारलंत तर ते या पत्रातलं काहीही नाकारणार नाहीत.

कुठून सुरुवात करायची, असं विचाराल तर सोपं आहे. तुमच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलच्या किमतीखाली एक चौकट ठेवा. त्यात गिऱ्हाइकानं पिनकोड टाकला की चार ओळी दिसाव्यात: सर्वांत जवळचं अधिकृत केंद्र कुठे आणि किती किलोमीटरवर, घरी येऊन सेवा आहे की नाही, बॅटरीची वॉरंटी किती महिने, आणि सुटा भाग यायला जास्तीत जास्त किती दिवस. वस्तू घरपोच पोचवता येईल की नाही हे सांगणारी अशीच चौकट तुमच्याकडे आजही आहे, म्हणजे तंत्र अडलेलं नाही. पहिली चाचणी आमच्या 416602 वर घ्या. पुढच्या प्रवेशाच्या हंगामाआधी, म्हणजे मे महिन्यापर्यंत, ज्या कंपन्या ही माहिती देतील त्यांची यादी मी आमच्या महाविद्यालयाच्या सूचना फलकावर स्वतः लावीन, आणि पालकांचे फोन आले की तीच वाचून दाखवीन.

आपली,
सिंधुदुर्गातील एक संगणक शिक्षिका